घाण वास सोसून काम करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुंबलेलं चेंबर, बंद पडलेल्या फ्रीजमधला सडका ऐवज, कपाटामागे मेलेला उंदीर, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शी-शू. ही कामं कुणीतरी करावीच लागतात आणि ऐनवेळी तो ‘कुणीतरी’ आपणच निघतो. मी बारा वर्षं साफसफाईच्या कंत्राटी कामांवर होतो. त्यातली शेवटची तीन वर्षं घरी आईचंही सगळं करत होतो. ओळखीचे लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे घेतलेत. काही उत्तरं लांबलीत, कारण त्यात जिवाशी गाठ आहे. बाकीची दोन ओळींत उरकलीत.

मास्क लावला तरी वास येतोच. मास्क खराब आहे का?

मास्क चांगला आहे, त्याला काम भलतंच दिलंय. एन-९५ मास्क कण अडवतो. धूळ, शिंतोडे आणि अगदी ०.३ मायक्रॉनचे कणसुद्धा तो किमान ९५ टक्के थोपवतो. वास म्हणजे वायूचे सुटे रेणू. ते या कणांहून शेकडो पट लहान असतात आणि मास्कमधून आरामात आत येतात. रुमालाचं तर नावच नको.

वास धरून ठेवायचं काम सक्रिय कोळसा करतो. त्याच्या एका ग्रॅममध्ये इतकी बारीक भोकं असतात की आतला पृष्ठभाग पसरला तर ५०० चौरस मीटरच्या वर जाईल. वासाचे रेणू त्याला चिकटून बसतात. काही साध्या मास्कमध्ये या कोळशाचा पातळ थर असतो, तो घरगुती कामाला थोडा वेळ पुरतो. मोठ्या कामाला रबरी अर्धमुखवटा आणि त्याला लावायच्या कार्ट्रिज, म्हणजे वायू शोषणाऱ्या डब्या, लागतात. कार्ट्रिज सगळ्या वायूंना एकच नसते. अमोनियाची वेगळी, सेंद्रिय वाफांची वेगळी. आत वास यायला लागला की ती संपली, लगेच बाहेर येऊन बदलायची. आणि दाढी असेल तर मुखवटा गालाला नीट बसतच नाही, कडेने सगळं आत येतं. आमच्याकडे एक जण दाढी काढायला तयार नव्हता. तो दिवसभर मुखवट्याला शिव्या घालायचा.

नाकाखाली बाम लावला तर?

सगळे लावतात. मीही लावायचो. पण त्याने वास झाकला जात नाही. बाममधला मेंथॉल नाकातल्या थंडावा जाणणाऱ्या नसांना चेतवतो. झोंबणं, थंडावा, अमोनियाने डोळ्यांत पाणी येणं, हे सगळं वासाच्या नसेकडून येत नाही, चेहऱ्याच्या दुसऱ्या एका नसेकडून येतं. म्हणजे लक्ष दुसरीकडे जातं, एवढाच फायदा. तोटा असा की नाक मोकळं झाल्यासारखं वाटून माणूस खोल श्वास घेतो. आणखी एक: महिनाभर बाम लावून मेलेली जनावरं उचललीत, तर पुढे सर्दी झाल्यावर बाम लावायची सोय राहत नाही. मेंदू दोन्हींची गाठ मारून ठेवतो.

तोंडाने श्वास घ्यावा का?

थोडा वेळ, हो. हवा नाकाच्या वरच्या भागाकडे कमी जाते, त्यामुळे वास बोथट होतो. पूर्ण जात नाही, कारण घशाच्या मागून नाकात रस्ता आहेच. काही जणांना ‘चव आली’ असं वाटतं आणि ते जास्तच बेजार होतात. धूळ किंवा शिंतोडे उडत असतील तर मास्कशिवाय तोंड उघडं ठेवू नका.

वासाची सवय व्हायला किती वेळ लागतो?

नुसत्या किळसवाण्या वासाची धार पहिल्या काही मिनिटांतच बरीच उतरते. पहिला भपकारा सगळ्यात वाईट. नवशिका माणूस इथेच चुकतो: दर दोन मिनिटांनी ‘जरा हवा खाऊन येतो’ म्हणत बाहेर जातो आणि परत आल्यावर तोच पहिला भपकारा पुन्हा खातो. दहा वेळा बाहेर गेलात तर दहा वेळा पहिला भपकारा. घरातलं साधं काम असेल, खिडक्या उघड्या असतील, तर एकदा आत शिरलं की टिकून राहणं सोपं जातं.

खालचा प्रश्न वाचल्याशिवाय मात्र हा सल्ला कुठल्याही बंद टाकीला किंवा चेंबरला लावू नका.

वास यायचा थांबला म्हणजे हवा चांगली झाली ना?

अजिबात नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

मैला किंवा कुठलीही सेंद्रिय घाण हवेशिवाय सडली की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याचा वास म्हणतात तो हाच. आपलं नाक याच्या बाबतीत फार तिखट आहे. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. हा वायू एक पीपीएमपेक्षाही कमी असला तरी वास येतो. म्हणून लोकांना वाटतं, ‘वाढला तर कळेलच की.’ कळत नाही. प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की काही मिनिटांत वासाची नसच बधिर होते. वास गेला, बरं वाटलं, माणूस आणखी दोन पायऱ्या खाली उतरला. ५०० ते ७०० पीपीएमला पाच मिनिटांत कोसळतो. १००० च्या पुढे एक-दोन श्वासांत खेळ संपतो. वायू हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्याच्या तळाशी साचतो. वरून झाकण उघडून वास घेणाऱ्याला खालचा अंदाज येत नाही. आणि गाळात अडकलेला वायू गाळ ढवळला की एकदम सुटतो. म्हणजे उतरताना ठीक असलेली हवा पहिल्या फावड्याला बदलते.

याच खड्ड्यांत मिथेनही असतो, त्याला वासच नाही. ऑक्सिजन कमी झाला तर त्यालाही वास नाही. म्हणून आत उतरण्याआधी मोजायचं यंत्र लागतं: आधी ऑक्सिजन, किमान १९.५ टक्के, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. वरून जोरात हवा मारायची, अंगाला दोर, वर एक माणूस जागेवरून न हलणारा. मुळात बाहेरून पंपाने किंवा जेटिंगने, म्हणजे जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने, काम होत असेल तर माणूस उतरवायचाच कशाला?

आत कुणी पडला तर मागोमाग उडी मारू नका. हे वाचताना सोपं वाटतं; आपलाच माणूस खाली दिसत असताना फार अवघड असतं. अमेरिकेच्या ‘नायोश’ या कामगार सुरक्षेच्या संस्थेने १९८६ साली बंदिस्त जागांतल्या मृत्यूंबद्दल इशारा दिला, त्यात म्हटलं होतं की मरणाऱ्यांत ६० टक्क्यांहून जास्त हे वाचवायला गेलेले असतात. पहिला वायूने पडतो, दुसरा मायेने. अग्निशमन दलाला बोलवा, वरून हवा सोडा, दोर असेल तर ओढा. आणि वर सांगितलेली कार्ट्रिज इथे उपयोगाची नाही, हवेची टाकी पाठीवर असलेलाच माणूस आत जाऊ शकतो.

मग कुठला वास धोक्याचा आणि कुठला नुसताच घाण?

नाकाला किळस कळते, धोक्याचं मोजमाप कळत नाही. कुजणाऱ्या मांसात पुट्रेसिन आणि कॅडाव्हरिन ही रसायनं असतात. नावं आणि वास दोन्ही भयंकर, पण खोलीच्या हवेत ती जेवढी असतात तेवढ्याने माणूस मरत नाही. उलट कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही, आणि तो झोपेत मारतो.

स्वयंपाकाच्या गॅसला जो वास येतो तोही त्याचा स्वतःचा नव्हे, मुद्दाम घातलेला असतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावात १९३७ साली वासाविना गळलेल्या गॅसने शाळा उडाली, जवळपास ३०० जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसमध्ये मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळायची सक्ती तिथे झाली आणि ही पद्धत पुढे पसरली. एरवी नाक दाबून पळावं असा हा दर्प, पण तो नसता तर गळती कळली नसती.

कामापुरता माझा नियम असा: डोळे झोंबले, घसा जळला, डोकं गरगरलं किंवा येत असलेला वास अचानक गेला, की हातातलं टाकून बाहेर. उमासा आला, तर थांबायचं कारण नाही.

उमासे येतात. काय करू?

रिकाम्या पोटी जाऊ नका आणि तुडुंब जेवूनही जाऊ नका. तासभर आधी थोडं काहीतरी खाल्लेलं बरं. आतमध्ये श्वास मोजा. बाहेर सोडताना लांब, आत घेताना छोटा. नजर त्या गोष्टीवर खिळवू नका. अर्धं उमळणं डोळ्यांनी येतं.

इंजेक्शनआधी दंड पुसायची स्पिरिटची पट्टी असते ना, ती खिशात ठेवा. उबळ आली की हात स्वच्छ असताना फोडायची आणि नाकाजवळ धरून दोन-तीन सावकाश श्वास घ्यायचे. रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत यावर नीट चाचण्या झाल्यात आणि मळमळ खरंच कमी झालेली दिसली. जवळ पेटलेलं काही नको, एवढं बघा.

आणि उलटी झालीच तर झाली. लाजायचं कारण नाही. मी पहिल्या आठवड्यात दोनदा ओकलो, नंतर माझंच मला साफ करावं लागलं.

स्वतःच्या बाळाची शी चालते, दुसऱ्याच्या बाळाची का नाही?

हे खरंच असं आहे, तुमच्या मनाचे खेळ नव्हेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आयांना आपल्या आणि परक्या बाळाच्या लंगोटांचा वास दिला. कुठला कुणाचा हे सांगितलं नव्हतं, तरी त्यांना आपल्या बाळाचा कमी किळसवाणा वाटला. नावाचाही परिणाम होतो. एकच आंबूस वास ‘हे चीज आहे’ म्हणून दिला तर लोकांना बरा वाटतो आणि ‘ही उलटी आहे’ म्हणून दिला तर तेच लोक तोंड फिरवतात.

याचा कामात उपयोग होतो. ‘हा कसला वास असेल’ हे माहीत नसतं तोवर माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलेल्या नाकाला सवय लागत नाही. नक्की काय सडलंय हे कळलं की निम्मा वास उतरतो. म्हणून नवीन माणसाला आत पाठवण्याआधी मी सगळं सांगायचो: काय आहे, किती दिवसांचं आहे, कुठल्या कोपऱ्यात आहे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करताना चेहऱ्यावर किळस दिसते. कशी लपवू?

चेंबरला डोळे नसतात. माणसाला असतात, हा या कामातला सगळा फरक.

आईचं सुरू झालं तेव्हा मला वाटलं, मी एवढी गटारं उपसलीत, मला काय त्याचं. पहिल्याच दिवशी पांघरूण दूर केलं आणि माझं तोंड वाकडं झालं. क्षणभरच. तिने ते पाहिलं. त्यानंतर मी साफ करायला लागलो की ती भिंतीकडे तोंड करून पडायची, काही दुखतंय का विचारलं तरी बोलायची नाही. चेहरा लपवायचा प्रयत्न करून मी तो दगडासारखा केला, ते आणखी वाईट. शेवटी मला जमलं ते असं: पांघरूण काढायच्या आधीच कशावर तरी बोलणं सुरू करायचं. वीजबिल, मामाचा फोन, टाकीत पाणी किती आहे, काहीही. गप्पा आधीपासून चालू असल्या की तोंडाला वाकडं व्हायला सवड मिळत नाही. चार-पाच महिन्यांनी तीच मधेच म्हणायला लागली, ‘आज जरा जास्तच आहे बाबा, खिडकी उघड.’ तेव्हा दोघांचंही ओझं उतरलं.

हाताचं काम म्हणाल तर पांघरूण उघडण्याआधी सगळं हाताशी मांडा: हातमोजे, ओली फडकी, कोरडं फडकं, धुतलेली चादर, तोंड उघडून ठेवलेली पिशवी. निम्म्यात उठून कपाट शोधायला गेलात की उघडी घाण तेवढा वेळ खोलीभर पसरते. डायपर आतल्या बाजूला गुंडाळत न्या आणि लगेच पिशवीची गाठ मारा. वास उघड्या पृष्ठभागावरून उठतो, घाण किती आहे यापेक्षा ती किती पसरली आहे याला महत्त्व. पंखा तुमच्या पाठीमागे, तोंड खिडकीकडे. पेशंटच्या उघड्या अंगावर वारा नको.

लघवीचा वास अचानक बदलला, जखमेला नवा वास यायला लागला, तर तो फिनेलने मारू नका, डॉक्टरांना सांगा. संसर्गाची ती पहिली खूण असू शकते. वास मारणाऱ्या जखमांवर डॉक्टर मेट्रोनिडाझोलचं जेल देतात, त्याने फरक पडतो.

सेंट किंवा फिनेल मारून वास घालवता येईल का?

झाकता येईल, थोडा वेळ. मग गुलाब आणि गटार असा तिसराच वास तयार होतो, तो दोघांपेक्षा वाईट. आधी घाण उचला, मग धुवा, मग वाटलं तर सुगंध.

थोडी रसायनाची जाण ठेवली तर पैसे वाचतात. मासळीचा आणि जुन्या मुतारीचा वास अल्कधर्मी असतो. त्यावर व्हिनेगर किंवा लिंबासारखं आम्ल चालतं. उलटीचा, आंबलेल्या दुधाचा वास आम्लाचा. त्यावर खायचा सोडा टाकून ठेवा.

पण ब्लीच वापरलं असेल तर त्या जागी दुसरं काहीही ओतू नका. ब्लीच आणि आम्ल, म्हणजे व्हिनेगर किंवा संडास घासायचं ॲसिड, एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला तोच. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन हा विषारी वायू, आणि साचलेल्या लघवीतही अमोनिया असतो. मुतारीत आधी भरपूर पाणी, मग ब्लीच. बंद बाथरूममध्ये ‘जोरदार’ सफाईच्या नादात दोन्ही बाटल्या ओतून खोकत बाहेर आलेले लोक मी पाहिलेत.

उंदीर मेलाय, पण सापडत नाही.

रात्रभर दारं-खिडक्या बंद ठेवा. सकाळी बाहेरून, ताज्या नाकाने आत या आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात ठरवा कुठे जास्त येतोय. मग बाहेर जा, पाच-दहा मिनिटं थांबा, पुन्हा या. इथे सवय तुमची शत्रू आहे, म्हणून वरचा सल्ला उलटा. गुडघ्यावर बसून जमिनीलगत हुंगा. हिरव्या-निळ्या चकाकत्या माश्या कुठे घोटाळतात ते बघा, त्यांचं नाक आपल्यापेक्षा चांगलं. उबेच्या जागा आधी: फ्रीजच्या मागे कॉम्प्रेसरपाशी, वॉशिंग मशीनखाली. मी एका घरी तीन दिवस सगळी कपाटं सरकवली; निघाला फ्रीजच्या मागच्या पाण्याच्या ट्रेमध्ये, फुगून ट्रेच्या आकाराचा झालेला. वरून घरातली बाई म्हणाली, ‘तिथे मी पहिल्याच दिवशी बघा म्हटलं होतं.’ म्हटलं होतं खरं.

हातमोजे घाला, उंदीर आणि आजूबाजूची जागा जंतुनाशकाने भिजवा, पाच मिनिटं थांबा, मग उचला. कोरडा झाडू मारू नका, लेंड्यांची धूळ नाकात जाते.

न वापरलेल्या बाथरूममधून वास येतो. काहीच घाण दिसत नाही.

मोरीच्या जाळीखालचा ट्रॅप सुकलाय. त्यातलं पाणीच गटाराची हवा अडवतं. एक तांब्या पाणी ओता.

दुर्गंधीने आजार होतो का?

वासावर बसून जंतू येत नाहीत. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनची थेम्स इतकी घाण मारत होती की पार्लमेंटच्या पडद्यांना क्लोराइड ऑफ लाइममध्ये, म्हणजे ब्लीचिंग पावडरमध्ये, भिजवावं लागलं. वासानेच कॉलरा होतो अशी तेव्हाची समजूत. त्या वासाला भिऊन त्यांनी बॅझलजेट या अभियंत्याकडून शहराखाली भलीमोठी गटारं बांधून घेतली. पिण्याच्या पाण्यापासून मैला दूर गेला आणि कॉलरा हटला. कारण चुकीचं, काम बरोबर. वासाने डोकं मात्र दुखतं, मळमळतं, दम्याच्या माणसाला त्रास होतो, ते खोटं नव्हे.

आंघोळ केली तरी अंगाला वास येतोय असं वाटतं.

आधी केस बघा. आंघोळ सगळी होते, केस राहून जातात आणि सगळ्यात जास्त वास केसच धरतात. मग नखांच्या कडा. कामाचे कपडे दाराबाहेरच उतरवा, वेगळे भिजवा. पॉलिस्टर सुतीपेक्षा घामट वास जास्त दिवस धरून ठेवतं. नाक मिठाच्या कोमट पाण्याने धुवायचं असेल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या. एवढं करूनही येतोय असं वाटलं तर घरातल्या कुणाला तरी हुंगायला सांगा. ते ‘नाही’ म्हणाले तर तो वास आठवणीतला आहे, एक-दोन दिवसांत जातो.

रोज हेच काम करणाऱ्यांना वास येत नसेल ना?

येतो. रोजच्या वासाची धार बोथट होते, नाक जात नाही. त्याच माणसाला लिफ्टमधल्या लोकांनी नाकाला लावलेले रुमालही दिसतात. आम्ही काम संपवून निघालो की ज्यांचं गटार मोकळं केलं तेच लोक भिंतीला चिकटून उभे राहायचे. पाणी मागितलं तर ‘थांबा हं’ म्हणून आत गेलेला माणूस बराच वेळ यायचा नाही. गटाराच्या वासापेक्षा हे जास्त लागतं.

काम झाल्याझाल्या जेवण जातं का?

पहिल्या दिवशी बहुतेक नाही. हातमोजे उलटे करून काढा, कोपरापर्यंत साबण लावा, नखं घासा. मैल्यातले जंतू नाकाने नाही, बोटांनी तोंडात जातात. आमच्यातला सगळ्यात जुना माणूस चेंबरकडे पाठ करून बसायचा, डबा उघडायचा, आधी झाकणातच नाक घालून दोन श्वास घ्यायचा आणि मग शांतपणे जेवायचा. मला वर्षभराने जमलं.